गोवऱ्यांमागची खुडूक कोंबडी

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं की वर्गातल्या पेटीत अंडी ठेवली, दिवा लावला आणि पिल्लं बाहेर आली, तर मग आईकोंबडी लागते कशाला? मी म्हटलं, लिहून कळवते. उत्तर लांब होतं आणि तुमची जेवायची वेळ झाली होती. आता क्रमाने लिहिते. तुमच्या बाबांनी वाचून दाखवताना मधलं काही गाळू नये. यात मेलेल्या कोंबड्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

कोंबडी काही दिवस नेमाने अंडी घालते आणि मग एके दिवशी तिच्या अंगात काहीतरी बदलतं. अंड्यांवरून ती उठायचं नाव घेत नाही. पोटाखालची पिसं गळतात, तिथली कातडी तापते, जवळ गेलं की ती अंग फुलवून टोचायला येते. अशा कोंबडीला आपण खुडूक म्हणतो. एकवीस दिवस ती जेमतेम खाते, जेमतेम पाणी पिते, आणि नवं अंडं घालत नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं त्यावरून झाली.

मी लग्न होऊन दिल्लीला आले ती पशुवैद्यकीची पदवी घेऊन. तुमचे आजोबा एका मंत्रालयात नोकरीला होते, आणि मला गुडगावच्या पलीकडे, कोंबड्यांच्या पैदाशीवर काम करणाऱ्या एका सरकारी केंद्रात जागा मिळाली. तेव्हा गुडगाव म्हणजे एक बाजार, एक स्टेशन आणि मोहरीची शेतं. मुनिरक्याजवळच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून मी दोन बस बदलून जायचे. रविवारी चर्च सुटल्यावर आपली मराठी मंडळी अंगणात गप्पा मारत उभी राहायची. बायका नवऱ्यांच्या बढत्यांबद्दल बोलायच्या, आणि माझी पाळी आली की कोणीतरी म्हणायचं, ‘ह्या ना, ह्या मुर्ग्या पाळतात.’ एकदा तुमचे आजोबाच म्हणाले, ‘पाळत नाही हो, लग्नं लावते त्यांची.’

तसं ते खरंच होतं. पैदाशीचं काम म्हणजे स्थळं बघणं. कोणत्या कोंबडीने किती अंडी घातली, केवढी घातली, तिच्या बहिणींचं काय, हे बघून कोणाच्या लेकी पुढे ठेवायच्या ते ठरवायचं. त्यासाठी आमच्या शेडमध्ये सापळ्याची घरटी होती. कोंबडी आत शिरली की फळी खाली पडायची. मग कोणीतरी जाऊन तिला बाहेर काढायचं, तिच्या पंखातल्या बिल्ल्याचा नंबर अंड्यावर पेन्सिलीने लिहायचा आणि तिला सोडून द्यायचं. हे दिवसभर चालायचं, दिवाळी असो की नाताळ. मे महिन्यात लू म्हणजे तिकडचा तापलेला वारा सुटला की पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकत मरायचे. जानेवारीच्या धुक्यात वीज गेली की पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढायची आणि खालची गुदमरायची. सकाळी शेडचं दार उघडल्यावर मी आधी ऐकायचे. किलबिल एका कोपऱ्यातून येत असेल तर त्या कोपऱ्यात मेलेली पिल्लं असणार, हे ठरलेलं. आणि एवढं करून वाढवलेल्या पिढीतले निम्म्याहून जास्त पक्षी आम्हीच बाद करायचो. बाद म्हणजे काय ते मोठ्याला कळेल.

आमचे साहेब हुशार होते, आणि सरळ मनाचे. त्यांचं म्हणणं असं की खुडूक कोंबडी बरेच दिवस अंडी देत नाही, म्हणून ती मागे पडते, म्हणून तिला बाद करा. सगळीकडे असंच करतात. तुम्ही दुकानातून आणता ती अंडी घालणाऱ्या कोंबड्या बसायचं विसरल्या आहेत त्या यामुळेच. माझं म्हणणं होतं की आपण पक्षी तयार करतोय तो चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी. तिच्याकडे पेटी नाही आणि वीज असून नसल्यासारखी. न बसणारी कोंबडी तिला दिली, आणि ती एक दिवस मुंगसाने नेली, की ती बाई पुन्हा आमच्या फाटकाशी पिल्लं मागायला येणार. जन्मभर येत राहणार. बसणारी दिली तर चार वर्षांत ती आम्हाला विसरून जाईल. मला तेच हवं होतं.

साहेब एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मैडम को मुर्गी नहीं, माँ चाहिए.’ लोक हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी बसणाऱ्या कोंबडीबद्दलची माझी टिप्पणी पुन्हा टाइप करून पाठवली. अशी वर्षं गेली. शेवटी मला कोपऱ्यातली एक शेड मिळाली, आणि तिच्यात मी माझा वाण तयार करत राहिले. तुमचे बाबा शाळेत जायला लागल्यापासून ते कॉलेजात जाईपर्यंत ते काम चाललं. हाती आली ती तपकिरी, अंगावर काळे ठिपके असलेली कोंबडी. मातीत उभी राहिली तर घारीला दिसणार नाही अशी. गावठी कोंबडीपेक्षा अंडी बरीच जास्त, आणि वर्षातून एकदा खुडूक.

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगते. संशोधन करणाऱ्याला आपला पक्षी पुरा झाला असं कधी वाटत नाही. इथे काही झालं तर वाण बुडू नये म्हणून त्याचा एक कळप दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात ठेवायचा, असं ठरलेलं होतं. दर वर्षी आम्ही म्हणायचो, अंडं अजून जरा मोठं होऊ दे, पुढची पिढी पाठवू. साहेब निवृत्त झाले, नवे आले, त्यांनीही तेच म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात पक्षी दिले तेही एकाच गावात, कारण दर आठवड्याला जाऊन वजनं करायला ते जवळ पडत होतं.

ते गाव अरवलीच्या पायथ्याशी. गावातल्या बहुतेक घरांत अंडं उंबरा ओलांडत नव्हतं. कोंबड्या पाळणारी घरं कडेला होती, आणि त्यांतलं पहिलं घर एका विधवा बाईचं होतं. सगळं गाव तिला चाची म्हणायचं. वयाने ती माझ्याएवढीच. घरात मुलगा, सून आणि रांगणारी नात. पहिल्यांदा मी तराजू घेऊन गेले, एकेक कोंबडी उलटी धरून वजन करायला लागले, तेव्हा ती खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, ‘बहू की भी इतनी खोज-खबर कोई नहीं लेता.’ सून आतून हसली. आमच्या कोंबड्यांना ती सरकारी म्हणायची. सरकारी आहे, काम कमी करील, असं शेजारणींना सांगायची. पण तिने घेतल्या म्हणून बाकीच्या घरांनी घेतल्या, हे मला माहीत होतं.

पक्षी गावात रुळले, अंडी घालायला लागले, आणि मग त्याच हिवाळ्यात मी गेले तर चाचीने माझ्या हाताला धरून मला घराच्या मागे नेलं. पाटीत भुश्यावर माझी ठिपक्यांची कोंबडी अंग पसरून बसलेली होती. चाची म्हणाली, ‘ले, तेरी सरकारी अब घरवाली हो गई.’ मी पाटीशी बसले. बॅटरी लावून एक अंडं उजेडात धरलं, आतल्या लाल शिरा तिला दाखवल्या. तिने पाहिलं, पण मुख्यतः ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटतं, माझा चेहरा लपत नसावा. त्या रात्री तुमच्या आजोबांना मी जेवताना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चला, एक लग्न मार्गी लागलं.

दहा दिवस झाले असतील नसतील, केंद्रात साथ आली. पहिल्या शेडमधल्या कोंबड्यांचे तुरे निळे पडले, माना खाली गेल्या, आणि बघता बघता शेड रिकामी व्हायला लागली. नमुने दूरच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं ते आम्हाला वाटत होतं तेच. बर्ड फ्लू. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि झाला तर बऱ्याचदा जीव घेतो. म्हणून नियम असा की रोग सापडला तिथून ठरावीक अंतरापर्यंतचा प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा. आजारी आहे की नाही ते बघत बसायचं नाही. अंडीसुद्धा नष्ट करायची.

केंद्र एका दिवसात रिकामं झालं. माझी शेड दुपारनंतर घेतली. पांढरे अंगरखे, चष्मे, तोंडावर मुखवटे घातलेली माणसं आत गेली. माना पिरगाळण्याचा आवाज मोठा नसतो, पण पंख फडफडण्याचा असतो, आणि तो आवाज हळूहळू विरळ होत गेला. मागच्या मोकळ्या जागेत जेसीबीने खड्डा खणला होता. एक थर पक्ष्यांचा, एक थर चुन्याचा. मी शेवटपर्यंत उभी होते. कोणी तरी उभं राहायला हवं होतं आणि शेड माझी होती.

दुसऱ्या दिवशी गावाची पाळी. गाव अंतराच्या आत येत होतं. जिल्ह्याचे पशुवैद्यक तरुण होते, रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मागच्या एका गावात लोकांनी त्यांच्या माणसांवर दगड टाकले होते. ते मला म्हणाले की तुम्ही चला, तुम्ही सांगितलंत तर दारं उघडतील. मी गेले. ज्यांना पक्षी मीच दिले होते त्यांच्याकडून ते मागायला दुसरं कोणी जावं, हे मला पटलं नाही.

सकाळचं धुकं होतं. दारं खरंच उघडली. बायकांनी मला अंगरख्यात ओळखलं नाही, मग मी मुखवट्यामागून बोलले तेव्हा ओळखलं आणि त्यांचे चेहरे बदलले. कोणी आरडाओरडा केला नाही. एकीने विचारलं, आमची तर धडधाकट आहे, हिला कशाला? मी रोगाचं समजावून सांगितलं. पैसे सरकारकडून मिळतील हेही सांगितलं. तिने कोंबडी दिली आणि आत निघून गेली.

चाचीने स्वतःच सगळ्या पकडून ठेवल्या होत्या, पाय बांधून, अंगणात ओळीने. माणसांनी काम उरकलं, पोत्यात भरल्या. घराच्या मागची पाटी तिथे नव्हती. मी अंगणातून मागे पाहिलं. त्या भागात गोवऱ्या रचून त्यांचा घराएवढा ढीग करतात, वरून गवत शाकारतात, त्याला बिटौडा म्हणतात. चाचीच्या बिटौड्याला पायथ्याशी एक नवं भगदाड पाडलेलं होतं आणि ते ओल्या गोवऱ्यांनी बुजवलेलं होतं. ओल्या गोवऱ्या कोणी ढिगात घालत नाही.

तरुण डॉक्टर दाराशी आले. मला म्हणाले, ‘मैडम, यहाँ हो गया?’

चाची अंगणाच्या मधोमध उभी होती, नात तिच्या कडेवर. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिने हात जोडले नाहीत की मान हलवली नाही.

आता माझ्या मनात काय होतं ते नीट सांगते, कारण लोक अशा वेळी काहीच विचार केला नाही असं म्हणतात, आणि ते खरं नसतं. केंद्रातली माझी शेड काल संपली होती. गावातले बाकीचे पक्षी पोत्यात होते. दुसऱ्या राज्यात काहीच नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीतून आता उरलं होतं ते त्या गोवऱ्यांमागे, एक कोंबडी आणि तिच्या पोटाखालची अंडी. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर डॉक्टर पुढच्या घरी गेले असते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं निघाली असती. कोणाला कधी कळलं नसतं. चाचीला तिची कोंबडी राहिली असती आणि मला माझा वाण. दुसरीकडे, ते मूल. ते दिवसभर त्याच अंगणात रांगायचं, मातीतलं उचलून तोंडात घालायचं. मी स्वतः पाहिलं होतं.

मी म्हटलं, ‘एक और है.’

चाचीने डोळे मिटले, मग उघडले. नातीला तिने सुनेकडे दिलं. डॉक्टरांनी एका माणसाला खूण केली तेव्हा ती मध्ये आली आणि मला म्हणाली, ‘तू निकाल. इनका हाथ मत लगवा.’

मी गोवऱ्या बाजूला केल्या. आत अंधार, ऊब आणि शेणाचा वास. खुडूक कोंबडीला कसं उचलायचं याची एक रीत असते. समोरून हात नेला तर ती टोचते. बाजूने, तळवा वर करून, हळू पोटाखाली सरकवायचा. मी तसंच केलं. हातमोज्यातूनही तिचं उघडं, तापलेलं पोट जाणवलं. तिने टोचलं, पण दुसऱ्या हाताला. ते काम मीच केलं, भिंतीकडे तोंड करून. मग अंडी पिशवीत भरली. त्यांतल्या एकात आतून टोच मारल्याचा बारीक आवाज येत होता. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि ती त्या माणसाच्या हातात दिली.

त्यानंतर आम्हा सगळ्यांना काही दिवस वेगळं राहायचं होतं, गोळ्या घ्यायच्या होत्या. मी मागच्या खोलीत राहिले. तुमचे आजोबा ताट दाराशी ठेवून दोन पावलं मागे जायचे आणि तिथून विचारायचे, ताप आहे का? तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘रडलीस का?’ मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, ‘मग भात तरी संपव.’ तुमच्या बाबांना हे आठवत असेल.

नवे पक्षी ठेवायची परवानगी मिळायला पुष्कळ महिने लागले. केंद्राच्या शेड धुऊन, चुना मारून रिकाम्या उभ्या होत्या. मग बाहेरून एक तयार जात आणली, भरपूर अंडी देणारी आणि अजिबात न बसणारी. माझ्या वाणाबद्दल कोणी काही बोललं नाही. जे उरलंच नाही त्यावर कोण काय बोलणार? मला निवृत्तीला थोडी वर्षं होती, आणि तेवढ्यात पहिल्यापासून होईल असं ते काम नव्हतं.

त्या नव्या पिल्लांची पेटी घेऊन मी गावात गेले ती आधी चाचीकडेच. ती चुलीशी रोट्या करत होती. खाट ओढून दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. नात आता चालत होती. इकडचं तिकडचं झालं. मग तव्यावरून नजर न काढता तिने विचारलं, ‘मेरी वाली में निकली थी बीमारी?’

गावातून नेलेल्या नमुन्यांचे निकाल तोवर आले होते.

‘नहीं,’ मी म्हटलं.

‘किसी की में?’

‘गाँव में किसी की में नहीं.’

तिने रोटी उलटली. मी नियम समजावायला लागले. निकाल यायला दिवस लागतात, तोवर थांबलं आणि रोग असलाच तर काय होईल, नातीला काय होऊ शकलं असतं, सगळं. तिने मध्ये तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बहुतेक तिला ते कळलंही. मग पेटीकडे बघून म्हणाली, ‘तू ही देगी, तू ही ले जाएगी. ना बहनजी. उधर दे दे.’ आणि पीठ लागलेल्या हाताने तिने शेजारचं घर दाखवलं.

मी चहा संपवला आणि पेटी शेजारी दिली. त्या कोंबड्यांनी अंडी खरंच भरपूर घातली. एकही कधी बसली नाही. थकल्या की बायका कापून खायच्या आणि टोपल्या घेऊन केंद्राच्या फाटकाशी नव्या पिल्लांसाठी यायच्या. उन्हातान्हात तासन्‌तास बसून राहायच्या, कारण पिल्लं वाटायची खिडकी दुपारी उघडायची. या गर्दीचा फोटो आमच्या वार्षिक अहवालात छापून यायचा, योजनेला प्रतिसाद म्हणून.

तुम्ही विचाराल की गप्प राहिले असते तर चाललं असतं का. निकाल बघता चाललं असतं. पण त्या सकाळी निकाल कोणाजवळच नव्हता, आणि मूल समोर होतं. ती सकाळ पुन्हा आली तर मी तेच म्हणेन. तुमच्या बाबांनी एकदा विचारलं होतं, मग तुला वाईट कशाचं वाटतं? बरोबर केलं म्हणून गेलेलं परत येत नाही, एवढं कळतं.

निवृत्त होईपर्यंत वजनं करायला मी त्या गावात जात राहिले. प्रत्येक खेपेला चाचीकडे बसले, प्रत्येक खेपेला तिने चहा दिला. सुनेच्या दुसऱ्या बाळाचं नाव काय ठेवावं, हेसुद्धा मला विचारलं. तिच्या अंगणात कोंबडी मात्र पुन्हा दिसली नाही.